वर्ड २०१६: स्मरणिकेत पहिली ८ पानं सोडून पुढे १ पासून पान नंबर, ते पण मराठी आकड्यात कसे टाकायचे?

मलप्रभाकाठ
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली. आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेला यंदा ७५ वर्षं होताहेत म्हणून माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि टायपिंगपासून पानं लावण्यापर्यंत सगळं काम माझ्याकडे आलंय. मजकूर जवळजवळ लावून झालाय, ८४ पानं होताहेत, कव्हर सोडून. पुढच्या गुरुवारी शहापूरला प्रेसमध्ये द्यायचंय आणि मी चार दिवस झाले फक्त पान नंबरांवर अडकून बसल्ये.

काय हवंय ते सांगते. पहिली ८ पानं म्हणजे आतलं मुखपृष्ठ, शुभेच्छा, संपादकीय, अनुक्रमणिका वगैरे. तिथे नंबर नको, किंवा वेगळा चालेल. नवव्या पानावर पहिला लेख सुरू होतो तिथून १. मध्ये ११ पानं पूर्ण जाहिरातीची आहेत, त्यांवर नंबर दिसायला नको पण मोजणीत यायला हवेत. आणि तीन पानं कन्नडमधली आहेत, आमच्या शाळेत कन्नड शिकवायला होते त्या गुरुजींचा लेख.

मी काय केलं: इन्सर्टमध्ये जाऊन पेज नंबर टाकला, सगळीकडे आला. पहिल्या पानावरचा डिलीट केला तर सगळ्या ८४ पानांवरचा गेला. परत टाकला, परत तेच. शेवटी प्रत्येक पानाच्या तळाला हाताने टाईप केले, तर एका लेखात दोन ओळी वाढल्या आणि सगळे नंबर पानाच्या मध्यात येऊन बसले.

दुसरं म्हणजे आकडे इंग्रजीत येतात. मला मराठीच हवेत, आणि हा हट्ट नाही. माझी आजी ह्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली. आमच्याकडे बसची पाटी कन्नडमध्ये, मोबाईलवर आकडे इंग्रजीत, त्यामुळे नंबर म्हटला की तिला कुणाला तरी विचारावं लागतं. मराठी आकडे मात्र ती चष्मा न लावता वाचते. स्मरणिकेत तिचा १९५० च्या दशकातला वर्गाचा फोटो आहे, तो तिला अनुक्रमणिकेत बघून स्वतः काढता यावा एवढंच. कुणी सांगा की.

निपाणीचा_पाटील
ताई एवढं अवघड नाहीये ते, फूटरवर म्हणजे पानाच्या तळाच्या समासात डबल क्लिक करा, वर डिफरंट फर्स्ट पेज असं येतं त्याला टिक करा, पहिल्या पानाचा नंबर जाईल.

मलप्रभाकाठ
दादा ते करून बघितलं, एकाच पानाचा जातो. मला आठ पानांचा घालवायचाय.

शहापूर_डीटीपी
पाटील साहेबांचा उपाय एक कव्हर असलेल्या अर्जाला किंवा रिपोर्टला बरोबर आहे, स्मरणिकेला पुरणार नाही. मी रोज हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, शांतपणे वाचा.

वर्डमध्ये पान नंबर हा पानावर लिहिलेला आकडा नसतोच. फूटर एकदाच असतो आणि तो सगळ्या पानांवर दाखवला जातो, त्यात एक फील्ड असतं जे त्या त्या पानाचा नंबर स्वतः मोजून दाखवतं. म्हणून एका पानावरचा डिलीट केला की सगळीकडचा जातो, कारण तो एकच आहे. वेगवेगळा पाहिजे असेल तर फाईलचे भाग पाडावे लागतात, त्याला सेक्शन म्हणतात. आणि तुम्ही कंट्रोल एंटर दाबून जे पान तोडताय त्याने नवीन पान सुरू होतं, पण सेक्शन नवीन होत नाही. इथेच बहुतेक लोक अडकतात.

आता हे करा. आधी हाताने टाईप केलेले सगळे नंबर काढून टाका. मग कंट्रोल शिफ्ट ८ दाबा, म्हणजे लपलेली चिन्हं दिसतील आणि ब्रेक कुठे आहेत ते कळेल. वर्डच्या खिडकीच्या अगदी तळाशी जी पट्टी असते तिच्यावर राईट क्लिक करून सेक्शन आणि फॉरमॅटेड पेज नंबर ह्या दोन्हींना टिक करा, म्हणजे कर्सर कुठल्या सेक्शनमध्ये आहे आणि त्या पानावर खरा कुठला नंबर छापला जाणार ते सारखं समोर दिसत राहील. हे न करता काम करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं.

मग पहिल्या लेखाच्या पहिल्या अक्षराच्या आधी कर्सर ठेवा, लेआऊट, ब्रेक्स, खाली सेक्शन ब्रेक्समधला नेक्स्ट पेज. तिथे आधीचा साधा पेज ब्रेक असेल तर तो काढा, नाहीतर मध्ये एक कोरं पान येईल. आता नवव्या पानाच्या फूटरवर डबल क्लिक करा. उजव्या कोपऱ्यात सेम अ‍ॅज प्रीव्हियस असं दिसेल. वर लिंक टू प्रीव्हियस बटण आहे, ते बंद करा. हे आधी, बाकी सगळं नंतर. लिंक तोडायच्या आधी काहीही डिलीट केलंत तर दोन्हीकडचं जाणार. हेडरमध्ये म्हणजे पानाच्या वरच्या समासात शाळेचं नाव टाकलं असेल तर त्याची लिंक वेगळी असते, ती वेगळी तोडावी लागते.

लिंक तुटली की पहिल्या सेक्शनच्या फूटरमधला नंबर डिलीट करा, दुसऱ्यातला राहील. मग दुसऱ्या सेक्शनमध्ये पेज नंबर, फॉरमॅट पेज नंबर्स, स्टार्ट अ‍ॅट मध्ये १. झालं.

एक धोक्याची गोष्ट. सेक्शन ब्रेक चुकून डिलीट झाला तर वरचा भाग खालच्या भागाचं रूप घेतो, उलटं नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या ८ पानांवर परत नंबर येतील. तसं झालं तर काही न करता लगेच कंट्रोल झेड.

मलप्रभाकाठ
दादा झालं!! पहिली आठ पानं कोरी आणि नवव्यावर १. खरंच खूप आभार, मी चार दिवस रडकुंडीला आलेले.

पण आता दोन नवीन भानगडी. एक, मी जाहिरातीच्या पानांसाठी पण तसेच सेक्शन पाडायला घेतले तर प्रत्येक सेक्शनला परत १ पासून सुरू होतंय. दोन, कन्नड लेख गुरुजींच्या फाईलमधून कॉपी करून टाकला तर तिथून पुढे माझा फूटरच बदलला, त्यांच्या फाईलमधला फूटर आलाय आणि आकड्याच्या जागी भलतंच काहीतरी दिसतंय.

शहापूर_डीटीपी
पहिलं सोपं आहे. नवीन सेक्शन पाडला की तो आधीच्या सेक्शनची सगळी सेटिंग उचलतो, तुमचा स्टार्ट अ‍ॅट १ पण उचलला. त्या प्रत्येक सेक्शनमध्ये फॉरमॅट पेज नंबर्समध्ये जाऊन कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन करा. स्टार्ट अ‍ॅट १ फक्त एकाच ठिकाणी, पहिल्या लेखाला.

पण जाहिरातींसाठी सेक्शन पाडूच नका. ११ जाहिराती म्हणजे आधी एक नंतर एक असे २२ ब्रेक होतील, आणि प्रत्येकाची लिंक तपासत बसाल. जाहिरात पूर्ण पानाचं चित्र असेल तर ते चित्र निवडा, रॅप टेक्स्टमध्ये इन फ्रंट ऑफ टेक्स्ट करा आणि पानाच्या चारी कडांपर्यंत ओढा. फूटर नेहमी मुख्य मजकुराच्या मागे असतो, त्यामुळे चित्र त्याला झाकतं. नंबर आत आहे, मोजणीत आहे, दिसत नाही. चित्राला पांढरी पार्श्वभूमी असली पाहिजे, पारदर्शक असेल तर आकडा मागून दिसेल. आम्ही सगळ्या स्मरणिका अशाच करतो.

दुसरं. गुरुजींच्या फाईलमध्ये सेक्शन ब्रेक असणार आणि तुम्ही सगळं सिलेक्ट करून तो पण आणलात. ब्रेक आला की त्याच्याबरोबर त्याचा फूटर येतो. परत कॉपी करा, पण शेवटचं ब्रेकचं चिन्ह सोडून फक्त मजकूर घ्या. एक विचारतो, तो लेख नुडी ह्या जुन्या कन्नड फॉन्टमध्ये आहे का?

मलप्रभाकाठ
हो नुडीतच आहे. आणि दोन मराठी लेख श्रीलिपी फॉन्टमधले आहेत. ते पेस्ट करताना कीप टेक्स्ट ओन्ली केलं तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच आली, घाबरून परत घेतलं.

शहापूर_डीटीपी
मग बरोबर आहे. हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी ओळखली जाणारी अक्षरं त्यांत नसतात, आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी कन्नड किंवा मराठी चित्र दाखवतो. फॉन्ट काढला की खरं रूप दिसतं. म्हणून एकतर फॉन्टसकट आणा, नाहीतर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. युनिकोड केलेलं उत्तम. मात्र कन्व्हर्ट झाल्यावर एकदा मूळ कागदाशी ताडून वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, आणि कन्नड लेख गुरुजींनाच वाचायला द्या.

टिळकवाडी_वाचक
मराठी आकड्यांचं कुणी सांगितलं नाही अजून म्हणून मी लिहितो. मी माझ्या पीएचडीच्या प्रबंधाला हे केलंय.

आधी काय करायचं नाही ते. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये न्यूमरल नावाची एक जागा आहे, त्यात हिंदी असा पर्याय दिसतो आणि वाटतं हेच पाहिजे. ते घेऊ नका. त्याने उर्दू-अरबी पुस्तकात असतात तसे आकडे येतात, कारण अरबी लोक त्यांच्या त्या आकड्यांना हिंदी आकडे म्हणतात, आकडे भारतातून तिकडे गेले म्हणून. वर्डने ते नाव तसंच घेतलंय. मी ह्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

बरोबर रस्ता असा. फाईल, ऑप्शन्स, लँग्वेज, तिथे एडिटिंग लँग्वेजमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही जोडा. वर्ड बंद करून परत उघडा. मग फॉरमॅट पेज नंबर्समध्ये नंबर फॉरमॅटची जी यादी उघडते ती खालपर्यंत सरकवा, तिथे १, २, ३ मिळेल. तो निवडा. प्रत्येक सेक्शनमध्ये वेगळा निवडावा लागतो हे लक्षात ठेवा.

यादीत नसेलच आला तर फील्डमध्ये हाताने लिहायचं. फूटरमधला आकडा निवडून शिफ्ट एफ ९ दाबा, महिरपी कंसात पेज असं इंग्रजीत दिसेल. त्याच्यापुढे जागा सोडून उलटा स्लॅश, स्टार, जागा, आणि मग इंग्रजी कॅपिटलमध्ये हिंदीअरॅबिक असा एकच शब्द लिहा, हिंदी आणि अरॅबिक मध्ये जागा न सोडता. एफ ९ दाबा. आकडा १ झाला पाहिजे. कंस नव्याने घालायचे असले तर कीबोर्डवरचे चालत नाहीत, कंट्रोल एफ ९ ने येतात तेच खरे.

पण जमलं तर पहिलाच रस्ता घ्या, कारण अनुक्रमणिका. अनुक्रमणिका सेक्शनचा फॉरमॅट बघते, फील्डमध्ये तुम्ही काय लिहिलंय ते बघत नाही. दुसऱ्या रस्त्याने गेलात तर पानावर ४१ मराठीत आणि अनुक्रमणिकेत इंग्रजीत, आणि तुमच्या आजीला तर अनुक्रमणिकाच वाचायची आहे.

आकड्याचा आकार बदलत नाही असं वाटलं तर फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणून वेगळा भाग असतो, मराठीचा फॉन्ट आणि साईझ तिथून बदलतो. वरच्या लॅटिनच्या जागेत कितीही बदललं तरी मराठी आकडा हलत नाही.

मलप्रभाकाठ
सर यादीत खाली १, २, ३ मिळाला! त्याच्या जवळच एक, दो, तीन असं पण आहे, ते काय?

टिळकवाडी_वाचक
ते हिंदी शब्दात नंबर. आपल्याला नको, दोन च्या जागी दो येईल. मराठी शब्दांचा पर्याय यादीत नाही.

जुना_कंपोझिटर
मी बेळगावात छापखान्यात खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवायचं काम केलंय, पुढे संगणक आले तसं तेही शिकलो. शब्दांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

मुली, मराठी पुस्तकात प्रस्तावनेच्या पानांना शब्दात नंबर द्यायची चांगली रीत आहे. पाच, सहा, सात असं तळाला लिहिलेलं तू जुन्या पुस्तकात बघितलं असशील. इंग्रजीवाले तिथे रोमन घालतात. मला विचारशील तर तुझ्या आठ पानांना तसे शब्द घाल, शोभून दिसतं आणि संपादकीय कुठल्या पानावर आहे हे पण सांगता येतं. सगळ्या आठांना नको, आतलं मुखपृष्ठ आणि त्याची मागची बाजू कोरीच ठेवायची, तीन पासून पुढे.

नातवाने मला ते वर्डमध्ये करून दाखवलं. पहिल्या सेक्शनच्या फूटरमध्ये कंट्रोल एफ ९ ने कंस आणायचे, आत इंग्रजीत इफ लिहायचं, मग आणखी एका कंसात पेज, मग बरोबरचं चिन्ह, इंग्रजी तीनचा आकडा, आणि मग दुहेरी अवतरणात तीन हा शब्द, त्याच्यापुढे नुसती रिकामी अवतरणं. म्हणजे पान तिसरं असेल तर तीन छाप, नसेल तर काही नको. असे सहा कंस एकामागून एक, मध्ये जागा न सोडता, आठपर्यंत. त्या सेक्शनचा फॉरमॅट मात्र साधा इंग्रजी आकड्याचाच ठेव, नाहीतर तुलना जुळायची नाही. अनुक्रमणिकेत त्या दोन-तीन ओळी शेवटी हाताने शब्दात कर.

आता छपाईचं. लेख नेहमी उजव्या हाताच्या पानावर सुरू करावा असं आम्हाला शिकवलेलं, आणि उजवं पान म्हणजे विषम नंबर. तुझी सुरुवातीची पानं ८ आहेत ते चांगलं आहे, नववं पान उजवीकडे येतं आणि तेच १ होतं. ती सात किंवा नऊ झाली तर १ डावीकडे जाईल, सगळं पुस्तक उलटं. तेव्हा आयत्या वेळी कुणाचा शुभेच्छा संदेश आला म्हणून एकच पान वाढवू नकोस, दोन वाढव.

आणि दोन वाढवलीस तर आणखी दोन कुठेतरी वाढव किंवा काढ, कारण मधोमध पिना मारायच्या असतील तर एकूण पानं चारने भागली पाहिजेत. ८४ बरोबर आहे, २१ कागद. प्रेसवाला पानं लावताना पहिलं आणि शेवटचं अशी जोडी करतो, दोघांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकने जास्त. तुझ्या बाबतीत ८५. पण तुझ्या छापलेल्या नंबरांची बेरीज तशी येणार नाही, कारण आठ पानं वेगळी मोजलीस. प्रेसला हे सांगून ठेव की पीडीएफमधल्या क्रमाने पानं लावा, छापलेल्या नंबराने नको. हे न सांगितल्यामुळे एका स्मरणिकेची अख्खी आवृत्ती परत छापताना मी बघितलीय.

मलप्रभाकाठ
काका हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. नंबर पानाच्या मध्ये ठेवू की बाहेरच्या कोपऱ्यात?

जुना_कंपोझिटर
बाहेरच्या कोपऱ्यात. पान चाळताना अंगठा तिथेच असतो, म्हाताऱ्या माणसाला पुस्तक पूर्ण उघडावं लागत नाही. त्यासाठी डिफरंट ऑड अँड ईव्हन पेजेस लावावं लागेल, विषमचा उजवीकडे, समचा डावीकडे. आणि आतला समास जरा जास्त ठेव, मिरर मार्जिन्स, नाहीतर पिनांच्या बाजूची अक्षरं आत जातात.

शहापूर_डीटीपी
काकांनी सांगितलं त्यात एवढंच जोडतो, ऑड ईव्हन लावलं की फूटर दोन होतात आणि दोघांची लिंक टू प्रीव्हियस वेगळी असते. दुसऱ्या सेक्शनच्या दोन्ही फूटरमध्ये जाऊन ती तोडलीय ना बघा, आणि काकांचे ते शब्दांचे कंस पहिल्या सेक्शनच्या दोन्ही फूटरमध्ये घाला.

आणि प्रेसला वर्ड फाईल देऊ नका, पीडीएफ द्या. त्यांच्या मशीनवर तोच फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात, ओळी सरकल्या की पानं सरकतात, मग नंबर बरोबर आणि अनुक्रमणिका चूक. पीडीएफ काढायच्या आधी अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ ९, आणि अपडेट एंटायर टेबल. लेखांच्या शीर्षकांना हेडिंग वन स्टाईल लावलीय ना? नसेल तर अनुक्रमणिका आपोआप होणार नाही.

चिकोडीचे_सर
आमच्या शाळेच्या लॅबमध्ये वर्ड नाही, लिबरऑफिस आहे, कुणाला त्यात करायचं असेल तर लिहून ठेवतो. तिथे हे काम पेज स्टाईलवर चालतं. जिथून १ पाहिजे त्या परिच्छेदात इन्सर्ट, मोअर ब्रेक्स, मॅन्युअल ब्रेक, पेज ब्रेक निवडून स्टाईल वेगळी द्यायची आणि चेंज पेज नंबर टिक करून १. फूटर त्या स्टाईललाच लावायचा. नंबरच्या फील्डवर डबल क्लिक केलं की ऑफसेट म्हणून एक जागा दिसते, मुलं तिथे आकडा घालतात आणि शेवटच्या पानांवरचे नंबर गायब होतात. ऑफसेट म्हणजे सुरुवातीचा नंबर नव्हे, ते पुढच्यामागच्या पानाचा नंबर दाखवायला आहे, आणि तसं पान नसेल तर काहीच दिसत नाही. आणि ब्रेकला सम नंबर दिलात आणि ते पान उजवीकडे येत असेल तर ते स्वतःहून एक कोरं पान घालतं, स्क्रीनवर दिसत नाही, प्रिंटला निघतं.

मलप्रभाकाठ
सगळं झालं. अनुक्रमणिका मराठी आकड्यात आली, शुभेच्छा आणि संपादकीयाच्या ओळी शब्दात केल्या, जाहिराती झाकल्या, कन्नड लेख युनिकोड करून गुरुजींकडून वाचून घेतला, त्यांनी सात चुका काढून दिल्या. आता ४१ वं पान तपासायला तेवढंच प्रिंट करायचं होतं, प्रिंटमध्ये ४१ लिहिलं तर दुसरंच पान निघालं, ते काय?

शहापूर_डीटीपी
दोन सेक्शन असले की वर्डला कुठलं ते सांगावं लागतं. इंग्रजीत पी, मग ४१, मग एस, मग सेक्शनचा नंबर २, मध्ये जागा नाही. आकडे इंग्रजीतच घाला तिथे.

मलप्रभाकाठ
निघालं. आजीला अनुक्रमणिका आणि ते पान दोन्ही हातात दिली, तिने बोटाने ओळ धरून एकेचाळीस म्हटलं आणि फोटोत दुसऱ्या रांगेत स्वतःला दाखवलं. शेजारच्या मुलीचं नाव मी खाली चुकीचं टाकलंय म्हणाली, ते दुरुस्त करून आज पीडीएफ काढते.